चालू भूतकाळ, सातवी ब

बूढापारा, रायपूर
४ जून २००१

तीर्थस्वरूप दादा,

नमस्कार. साष्टांग समजून घे, हल्ली कंबर ऐकत नाही.

पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू ते न फोडताच विजयावहिनीकडे सरकवणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून पाकिटाच्या मागेच मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘आत इंग्रजीच्या चुका आहेत’. फोडलंस ना? फोडणारच! सारा जन्म नागपूरच्या शाळेत पोरांच्या वह्या तपासण्यात गेलेला माणूस तू. चूक आहे म्हटलं की तुझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. फोन करणार होते, पण फोन तू ठेवून दिला असतास.

माझ्या स्नेहलच्या लग्नात तिच्या मागे मामाच्या जागी दुसराच माणूस उभा दिसला म्हणून तू हॉलच्या दारातून परत फिरलास, त्याला चार वर्षं झाली. त्यावर मी या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. हे वरचं वाक्य मोजू नकोस.

तर बातमी ऐक. दादा, मला नोकरी लागतेय! म्हणजे लागली नाही अजून, लागण्याच्या बेतात आहे. रायपूर राजधानी झाल्यापासून इथे काय धमाल चालली आहे, तुला कल्पना नाही. जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय बसलंय. भोपाळहून साहेब लोक बायकापोरांसकट येऊन उतरलेत. आमच्या गल्लीतली भाडी आभाळाला टेकली, आणि लाल दिव्याच्या गाडीला वाट देता देता यांची स्कूटर परवा नालीत गेली. या साहेबांच्या मुलांना शाळा हव्यात, आणि इंग्रजीच हव्यात. चौबे कॉलोनीत ‘अरुणोदय’ नावाची एक नवी उघडली आहे. मी आपली घरी गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घेणारी बाई, बी.एड.चं प्रमाणपत्र ट्रंकेच्या तळाशी. ते काढलं, झटकलं आणि गेले. कुणाला न विचारता! प्राचार्या शर्मिष्ठा मॅडम भोपाळच्याच. म्हणाल्या, “डेमो दीजिए, फिर देखते हैं.” अठ्ठावीस तारखेला सातवी ब वर्गावर इंग्रजीचा नमुना पाठ घ्यायचा. विषय चिठ्ठी काढून ठरला. माझ्या हाताला काय लागलं? पास्ट कंटिन्युअस टेन्स. चालू भूतकाळ.

‘वॉज’ किंवा ‘वेअर’, आणि क्रियापदाला ‘आयएनजी’. एवढं मला येतं. पण ‘आय वेन्ट’ सोडून ‘आय वॉज गोइंग’ म्हणायचं ते नेमकं कधी, हे पोरांच्या डोक्यात कसं घालायचं? पुस्तकं उघडली तर त्यात नुसते तक्ते. खाली वीस वाक्यं लिहिली आहेत, तपासून पाठव.

नोकरी मिळो न मिळो, दादा, तू उत्तर पाठव. मला ते नोकरीपेक्षा जास्त हवं आहे. हे लपवायचं ठरवून बसले होते, पण मला कधी काही लपवता आलंय?

तुझी सुशी


१२ जून २००१

ती. दादा,

आलं! आलं! पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला आणि मी अनवाणी धावले. नागपूरचा शिक्का, तुझं सरळ रेषेतलं अक्षर. देवापुढे बसून पाकीट फोडलं, तर आत माझंच पत्र! वर ‘सुशी’ नाही, खाली ‘पांडुरंग’ नाही, खुशाली नाही, आशीर्वाद नाही. नुसती लाल शाई. वीस वाक्यांत अकरा चुका. त्यातून तू माझ्या मराठीतलाही एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केला आहेस.

हे म्हणाले, “काय लिहितात साळेबुवा?”

मी म्हटलं, “माझ्यावर रागावून राहिले.”

“मंग काहून हसून राहिली तू?”

काहून म्हणजे काय! चार वर्षं मौनात बसलेला माणूस माझ्या वाक्यात ‘द’ घालतो आहे, तर मी हसू नको?

आता तुझ्या दुरुस्त्यांबद्दल. ‘आय वॉज नोइंग हिम’ तू कापलंस आणि वर ‘न्यू’ लिहिलंस. ‘शी वॉज हॅविंग टू ब्रदर्स’ तेही कापलंस. आधी राग आला. मग तासभर विचार केला आणि एकदम लख्ख कळलं. माहीत असणं, भाऊ असणं, ही काही आपण करत बसत नाही, ती असतातच. त्यांना चालू ठेवता येत नाही. इथली पोरं हिंदीतून विचार करतात. ‘जानता था’ मधला ‘था’ दिसला की ‘वॉज’ लावून मोकळी होतात. आणि आम्ही मराठी माणसं तर काय, उठून राहिलो, बसून राहिलो, खाऊन राहिलो! आमचं सगळंच चालू. हे परवा स्वयंपाकघराच्या दारात येऊन ओरडले, “अवं, दूध उतू चाललं ना! काय करून राहिली तू?”

मी म्हटलं, “पास्ट कंटिन्युअस करून राहिली.”

“मंग थे झालं की चहा दे.”

दूध गेलं, पण वाक्य मिळालं! ‘आय वॉज रीडिंग ग्रामर व्हेन द मिल्क बॉइल्ड ओव्हर.’ आधीपासून चाललेलं ते लांब, मध्येच येऊन आदळलेलं ते एका फटक्यात. बरोबर ना? बरोबर असेल तर बरोबरची खूण कर. नुसत्या चुकाच दाखवत जाऊ नकोस, माणसाचा धीर सुटतो.

लता माझी वाक्यं ऐकून कंटाळली आहे. माझी धाकटी जाऊ, शेजारच्याच घरात राहते, विसरला नसशीलच. तिला विचारलं, काल मी आले तेव्हा तू काय करत होतीस? म्हणाली, “बाई, मी भाकरी थापून राहिली होती, अन् आता बी थापूनच राहिली. तुमच्या इंग्रजीनं त्यात काही फरक पडते का?”

या खेपेला पंधराच वाक्यं पाठवते आहे. वहिनीला नमस्कार. तिला माझी पत्रं वाचायला देतोस की नाही?

सुशी


२० जून २००१

ती. दादा,

दुधाच्या वाक्याला खूण केलीस! आणि खाली पहिल्यांदाच एक ओळ, मराठीत, तुझ्या हातची. ‘पुस्तकातली वाक्ये नकोत. स्वतःची घे.’ मी ती ओळ यांना वाचून दाखवली, लताला दाखवली, कोपऱ्यावरच्या किराणावाल्या दयारामलाही दाखवली. त्याला मराठी येत नाही, पण तो म्हणाला, “हव दीदी, बढ़िया है.”

आता मला पाठाची युक्ती सुचली आहे, ऐक. परवा संध्याकाळी सगळ्या रायपूरची लाइट गेली. मी अंधारात जिन्यावर बसले होते आणि एकदम मनात आलं, या क्षणी गावातलं प्रत्येक माणूस काहीतरी करत होतं! कुणी जेवत होतं, कुणी भांडत होतं, कुणाच्या तोंडाला साबण होता. घटना एकच, पण तिच्या पोटात हजार कामं चालू. हाच तर तो काळ! तशीच उठले आणि गल्लीत चौकशी करत सुटले. दयाराम म्हणाला, “मैं तेल नाप रहा था दीदी. आधा डिब्बे में, आधा गिराहिक के पैर पर.” हे आंघोळ करत होते. लता, सांगायला नकोच, भाकरी थापत होती. सातवी बला मी हाच प्रश्न विचारणार. फळ्यावर लिहायचं, ‘व्हेन द लाइट्स वेन्ट आउट,’ आणि पुढे ज्याचं त्यानं वाक्य पुरं करायचं. कशी आहे युक्ती? मला तर रात्र जात नाही!

तू सांगितल्याप्रमाणे स्वतःची वाक्यं खाली देते.

‘माय ब्रदर वॉज ऑलवेज फाइंडिंग फॉल्ट विथ मी.’ हे सारखं सारखं करून वैताग आणणाऱ्या माणसासाठी असतं, असं पुस्तकात दिलंय. मला उदाहरण शोधावं लागलं नाही.

‘व्हाइल माय मदर वॉज ग्राइंडिंग, माय ब्रदर वॉज टीचिंग मी स्पेलिंग्ज.’ वर्ध्याचं घर, आईचं जातं आणि तुझी छडी. दोन्ही एकदम चालायची.

‘व्हेन माय डॉटर गॉट मॅरिड, आय वॉज वॉटरिंग द तुलसी.’

बस, एवढीच. स्नेहल बिलासपूरला मजेत आहे. तिची पोट्टी आता दोन वर्षांची झाली, सासूचं पान हलत नाही नातीशिवाय. स्नेहल फोनवर विचारत होती, मामा खरंच पत्र पाठवतो का? मी म्हटलं, पत्र माझंच असतं, शाई त्याची असते.

अठ्ठावीसला अकरा वाजता माझा पाठ आहे. त्या वेळी तू काय करत असशील ते करत राहा, फक्त मनात एकदा ‘सुशे, वॉज आणि वेअर’ म्हण.

सुशी


२८ जून २००१

दादा,

आज ‘तीर्थस्वरूप’ वगैरे लिहायला हात थांबत नाही. आत्ता शाळेतून आले आहे, लुगडं बदललेलं नाही, बोटांना खडू तसाच आहे. सगळं सांगते, मध्ये लाल पेन काढू नकोस.

तुझं पाकीट काल आलं होतं. भांडकुदळ भावाचं वाक्य तू खूण करून सोडून दिलंस. (हसलास ना? खरं सांग.) आईच्या जात्याच्या वाक्याला दोन खुणा केल्यास. आणि तुळशीच्या वाक्यावर काहीच नाही. बरोबर नाही, चूक नाही. पेन टेकवलेला एक ठिपका तेवढा होता. ठिपका मोठा झाला होता, म्हणजे पेन बराच वेळ टेकलेलं होतं. मी तो पाहिला, पण पाठाच्या धांदलीत बाजूला ठेवला.

वर्गात मागे तिघं बसली होती. शर्मिष्ठा मॅडम, एक हिशेबाचे बाबू, आणि बाबारावजी म्हणून अकोल्याकडचे एक वयस्क गृहस्थ, संस्थेच्या कमिटीवरचे. ‘व्हेन द लाइट्स वेन्ट आउट’ लिहिलं मात्र, आणि वर्ग पेटलाच! ‘आय वॉज ईटिंग मॅगी.’ ‘आय वॉज बीटिंग माय ब्रदर.’ ‘माय पापा वॉज शाउटिंग ऑन फोन.’ एक म्हणाला ‘आय वॉज नोइंग की लाइट जाएगी’, आणि मी तुझ्यासारखीच त्याच्यावर झडप घातली. शर्मिष्ठा मॅडम लिहून घेत होत्या. मला वाटलं, जिंकलं!

तेवढ्यात पहिल्या बाकावरची चित्रा नावाची एक चुणचुणीत पोट्टी उभी राहिली. म्हणाली, “मॅम, लाइट तो रोज जाती है. कोई बड़ी बात बताइए ना, आपकी अपनी.”

मोठी गोष्ट म्हणून मी फळ्यावर लिहिलं, ‘व्हेन माय डॉटर गॉट मॅरिड,’ आणि म्हटलं, मी त्या वेळी काय करत होते ते तुम्ही ओळखा, प्रश्न इंग्रजीतून विचारा. काय सुटले रे सगळे! ‘वेअर यू डान्सिंग?’ नो, आय वॉजन्ट. ‘वेअर यू क्राइंग?’ नो. ‘वेअर यू सर्व्हिंग गुलाबजामुन?’ हसून हसून पुरेवाट. शेवटी सगळे थकले आणि चित्रानं विचारलं, “देन व्हॉट वेअर यू डूइंग, मॅम?”

उत्तर तयार होतं. तुला पाठवलेलं तेच. तुला माहीतच आहे, मंगलाष्टकं चालू असताना मुलीची आई मांडवात थांबत नाही, तुळशीपाशी बसून पाणी घालते. सगळ्या आयांचं उत्तर तेच असतं. मी ‘आय वॉज’ लिहिलं आणि मला तुझा तो ठिपका आठवला. खडू पुढे सरकेना. दादा, मी चार वर्षं जगाला जे सांगत आले ते त्या पोरांसमोर लिहवेना.

मी लिहिलं, ‘वेटिंग.’

“व्हेअर, मॅम?”

‘अॅट द स्टेशन.’

“फॉर हूम?”

‘माय ब्रदर.’

हो दादा. तुझी गाडी येत नव्हती. भटजी म्हणाले, मुहूर्त थांबणार नाही. यांनी संग्रामला, यांच्या चुलतभावाला, मामाच्या जागी उभं केलं. मी म्हटलं, तुम्ही कुणालाही उभं करा, मी माझ्या भावाला आणायला चालले. हे मनातच म्हटलं, मोठ्यानं म्हटलं असतं तर कुणी जाऊ दिलं असतं? तुळशीवृंदावन हॉलच्या मागे होतं. लताला माझा शेला पांघरला, डोक्यावरून पदर ओढून तिला पाणी घालत बसवलं आणि मागच्या फाटकातून रिक्षा केली. त्या वेळी मुलीच्या आईला कुणी शोधत नाही, ती कुठे आहे ते सगळ्यांना माहीत असतं! इकडे माझ्या स्नेहलच्या डोक्यावर अक्षता पडत होत्या आणि मी स्टेशनवर गाडीच्या प्रत्येक डब्यात वाकून बघत होते. गाडी आली, माणसं उतरली, गाडी गेली. तू नव्हतास.

हॉलवर परत आले तर सगळे म्हणाले, मामा येऊन गेला. दुर्गला गाडी अडकली म्हणून तिथून बसनं आलास, दारातून संग्रामला मामाच्या जागी पाहिलंस, आणि हातातली पिवळी साडी तशीच घेऊन फिरलास. आला तसा बसनंच गेला, म्हणाले. आठ दिवसांनी तुझं कार्ड आलं. ‘लग्न निर्विघ्न लागलेले पाहिले. समाधान वाटले.’ त्या ‘पाहिले’नं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तू पाहिलंस तरी! मी माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न पाहिलं नाही, तुळशीलाही पाणी घातलं नाही, तुझ्यासाठी फलाटावर उभी होते, आणि तू मलाच टोमणा मारतोस? ठरवलं, हा विचारील तेव्हा सांगीन. तू विचारलं नाहीस. आणि गावात सांगायची सोय नव्हती. आईनं तुळशीला पाणी घातलं नाही हे स्नेहलच्या सासूला कळतं, तर पोरीला प्रत्येक शिंकेला ऐकावं लागलं असतं. लतानं तोंडातून शब्द काढला नाही. यांनाही आजच कळलं. “चार वर्षं मले सांगितलं नाही?” म्हणून घटकाभर गाल फुगवून बसले, मग उठून आपल्या हातानं चहा केला. गोड नव्हता, पण केला.

वर्गात परत चल. पोरांना काय, त्यांना गोष्ट सापडली! “डिड ही कम, मॅम?” मी म्हटलं, ही केम, पण बसनं, आणि थेट हॉलवर. चित्रा फळ्यापाशी धावली. खडू माझ्या हातातून घेतला, एका टोकाला स्टेशन काढलं, दुसऱ्या टोकाला हॉल. आणि सगळा वर्ग ओरडून वाक्य रचू लागला. ‘व्हाइल मॅम वॉज वेटिंग फॉर द ट्रेन, हर ब्रदर वॉज कमिंग बाय बस!’ एकही चूक नाही, दादा. मी शिकवलंच नाही, त्यांनीच काढलं. पाठ म्हणून याहून चांगला पाठ मला जन्मात घेता येणार नाही.

घंटा झाली. मी सामान आवरत होते. मागून बाबारावजी उठून आले. हळूच म्हणाले, “बाई, तुमच्या भावाले हे माहीत आहे?”

मी म्हटलं, नाही.

“मंग आम्हाले काहून सांगून राहिल्या? त्याले सांगा ना.”

म्हणून सांगितलं. स्नेहलची सासू आता काय म्हणायचं ते म्हणो. मला तुझा राग आला होता, अजूनही थोडा आहे, आणि तुझी आठवण त्याहून फार जास्त येते. या पत्रात वाक्यं तपासायला दिलेली नाहीत. हे परत पाठवू नकोस. पाठवायचं असेल तर तुझं पाठव.

सुशी


६ जुलै २००१

दादा,

आधी नोकरीचं सांगते म्हणजे ते एकदा संपेल. मिळाली! सोमवारी मॅडमचा निरोप आला आणि मंगळवारपासून मी सातवी ब आणि सहावी अ ला इंग्रजी शिकवते आहे. शाळेत जाताना हे स्कूटरवर सोडतात, लाल दिव्याच्या गाड्यांना मुळीच वाट देत नाहीत. दयारामनं पेढे फुकट दिले. चित्रा रोज विचारते, “मॅम, भाई का लेटर आया?”

काल आलं. आतमध्ये माझं पत्र नव्हतं. तुझं होतं, निळ्या शाईचं.

ते मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. तू लिहिलंस, ‘सुशी, त्या दिवशी मी बसने गेलो नाही. हॉलवरून रिक्षा करून स्टेशनवर आलो आणि फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसलो. दुपारची गाडी जाऊ दिली. संध्याकाळची येईपर्यंत बसलो होतो. मामा रुसला आहे म्हणून कोणीतरी समजूत घालायला येईल असे वाटत होते. तुझी वाट पाहत होतो. विजयालाही हे सांगितलेले नाही.’

दादा! अरे दादा! म्हणजे माझी रिक्षा स्टेशनवरून हॉलकडे येत होती तेव्हा तुझी हॉलवरून स्टेशनकडे जात होती! वाटेत कुठेतरी आपण एकमेकांच्या अंगावरून गेलो असू. तू मान ताठ करून समोर बघत असशील आणि मी पदरानं घाम पुसत असेन. मग मी इकडे पंगतीत वाढत होते आणि तू तिकडे उपाशी बसला होतास. नुसती मान वळवली असती कुणी, तर चार वर्षं वाचली असती. मी हे यांना वाचून दाखवताना एवढी हसले की लता धावत आली. तिला सांगता सांगता एवढी रडले की ती म्हणाली, “आता काय झालं व बाई? चांगलं हाये का वाईट हाये थे तरी सांगा.” चांगलं आहे. इतकं चांगलं आहे की मला बसवत नाही.

मी येतेय. पुढच्या शनिवारी, सकाळच्या गाडीनं. याच शनिवारी निघाले असते, पण पत्र माझ्याआधी पोचायला हवं. पोट्टी गोंदियापर्यंत तरी झोपेल असं धरून स्नेहलही तिला घेऊन माझ्यासोबत येतेय. पोट्टीला तिचा मामाआजा अजून बघायचा आहे. वहिनीला सांग, जेवायला आम्ही तिघी.

आणि दादा, हात जोडून सांगते, ऐक. आम्हाला घ्यायला स्टेशनवर येऊ नकोस. गाडी उशिरा आली तरी येऊ नकोस, बसनं येऊ का म्हणून मनात आणू नकोस, कोपऱ्यापर्यंतसुद्धा चालत येऊ नकोस. दार उघडं ठेव आणि घरात बसून राहा. तुझ्यापर्यंत मी येते.

सुशी